गयाबाई येसर आणि गॉगलवाला शुभेच्छुक

चहा घ्या आधी, बसा निवांत. आणि एक विनंती, मधेच हसायचं नाही! शेवटी हसा हवं तर, शेवटी मीही हसणार आहे, दुसरा इलाजच नाही. लोक कोर्टात वकिलामुळं हरतात, साक्षीदार फुटल्यामुळं हरतात. मी कशामुळं हरलो माहिताय? माझ्या स्वतःच्या फोटोमुळं! आणि तो फोटो कोर्टात नेऊन दिला कोणी? मीच. प्रिंट काढून, वर प्लॅस्टिकची फाइल लावून.

आता तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही शिकलेसवरलेले, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवता, नांदेडात चार लोक तुम्हाला ओळखतात. तेच तर दुखणं आहे ना! लोक मला ओळखतात ते भूगोलामुळं नव्हे, फ्लेक्समुळं.

मला फ्लेक्सचा नाद आहे. होता म्हणू या. कोणाचा वाढदिवस असो, कोणी सरपंच होवो, कोणाच्या पोरीचा मेडिकलला नंबर लागो, चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे आणि खाली शुभेच्छुक म्हणून मी. फोटो ठरलेला. डोळ्यांवर काळा गॉगल, कानाला मोबाइल, आणि डोक्यावर असं दाट रान की कंगवा आत गेला तर बाहेर यायला रस्ता विचारेल! आता तिथं माळरान झालंय ते सोडा. फ्लेक्सवाला मला विचारायचासुद्धा नाही, फोटो त्याच्या कॉम्प्युटरात तयार. कधीकधी ज्याचा वाढदिवस त्याच्यापेक्षा माझा फोटो मोठा यायचा. पण फ्लेक्स लावणारा कोण? मी ना? मग!

असाच एक फ्लेक्स मी लातूरला लावला होता. आमच्या साडूसाठी. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मी ठेवलं नव्हतं.

साडू म्हणजे बालाजीराव. माझ्या बायकोची, सुरेखाची थोरली बहीण मंगलआक्का, तिचे मालक. आणि ह्या दोघी बहिणींची आई, म्हणजे माझी सासू, गयाबाई. लोहा तालुक्यातल्या एका गावात राहते, शेत सांभाळते. तिच्या हातचं येसर म्हणजे विषय संपला! तिकडच्या पुण्यामुंबईच्या लोकांना येसर माहीत नसतं. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, मिरी, लवंग असं सगळं खमंग भाजून दळायचं आणि त्याची आमटी करायची. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी नसली तर पाहुणे मुलीकडच्यांचं तोंड बघत नाहीत. अशी आमटी सासूबाईंची. अख्ख्या पंचक्रोशीत लग्न निघालं की पहिला निरोप गयाबाईला.

तर मंगलआक्कानं आईचं येसर शिकून लातूरला दुकान काढलं. नाव ‘गयाबाई येसर’. बालाजीराव गल्ल्यावर, आक्का भाजणीवर. उद्घाटनाला मी एवढा मोठा फ्लेक्स लावला की दुकानाची पाटी झाकली गेली. आम्हा साडूंत थोडी कुरबूर झाली तेव्हा, पण ते असू द्या.

काही वर्षांनी सुरेखानंही नांदेडात येसर करायला घेतलं. आधी बहिणीला फोन केला बरं का, मी शेजारीच बसलेलो होतो.

“आक्का, मीबी आईच्याच नावानं इकू का गं?”

“इक की! आई काय माझ्या एकटीची हाय का? तू नांदेडात इक, मी लातुरात इकते. बिनघोर इक.”

इतकं सरळ होतं सगळं. सुरेखाचं काम बघता बघता वाढलं. गल्लीतल्या चार बायका तिच्यासोबत भाजायला येऊ लागल्या, लग्नसराईत तर घरात पाय ठेवायला जागा नसायची. सुरेखा सकाळी चुलीपुढं बसली की गाणं गुणगुणायची. वीस वर्षांच्या संसारात मी तिला गुणगुणताना पहिल्यांदा ऐकत होतो. इथं मी गप बसायला पाहिजे होतं की नाही? बसलो का? नाव नका घेऊ!

स्टाफरूममध्ये आमचे वाणिज्यचे सर म्हणाले, “सर, नाव चाललंय तर ट्रेडमार्क करून घ्या. नाहीतर कोणीतरी उचलेल.” मी लगेच उठलो. एका एजंटाला गाठलं. मला वाटलं हे सातबारासारखंच असणार. एकदा नाव चढलं की रान आपलं, बाकीच्यांनी बांधावरून बघायचं! यथावकाश सर्टिफिकेट आलं. माझ्या नावावर. मी ते फ्रेम करून बैठकीत माहूरच्या रेणुकामातेच्या फोटोशेजारी लावलं आणि दोन्हीला एकत्रच हात जोडू लागलो.

सुरेखा फ्रेमकडं बघत राहिली.

“अहो, माझ्या आईचं नाव तुमच्या नावावर?”

“तांत्रिक बाब आहे ती. तुला नाही कळायची.”

“आईला इचारलं का?”

“आईला कशाला विचारायचं? आई काय ट्रेडमार्कवाली आहे का?”

झालं! पाकिटावर नावाशेजारी गोलातला इंग्रजी आर छापून घेतला. नोंदणीकृत असल्याची ती खूण. मला ती खूण इतकी आवडली की मी स्कूटरच्या मडगार्डवरसुद्धा रंगवून घेतली. पोलिसानं एकदा अडवून विचारलं, “हे काय, रिझर्व्हमध्ये हाय का गाडी?”

आणि अर्थातच फ्लेक्स! नांदेडात, लोह्यात, मुदखेडला स्टेशनच्या रस्त्यावर. वर लालभडक अक्षरात ‘नकली मालापासून सावधान!’, त्याच्या बरोबर खाली माझा गॉगलवाला फोटो, आणि तळाला बारीक अक्षरात ‘गयाबाई येसरचे अधिकृत मालक’. मला मांडणी झकास वाटली. आमचा कोपऱ्यावरचा पानवाला मात्र बराच वेळ वर बघत होता.

“सर, ह्येच का ते?”

“कोण?”

“नकली मालवाला. पोलिसांनी पकडला का? दिसतोबी तसाच.”

“अरे, मी आहे तो! मालक आहे मी!”

“आस्सं व्हय,” म्हणून त्यानं पानाला चुना लावला. मी तेव्हा हसून सोडून दिलं. त्याच दिवशी फ्लेक्स उतरवला असता तर आज हा चहा मी सुखानं प्यालो असतो.

पुढं काय झालं, मी लोह्याच्या बाजारात गेलो होतो. एका किराणा दुकानात आमची पाकिटं टांगलेली, आणि त्यांना खेटून लातूरची पाकिटं! तेच नाव, तीच सासू! माझं डोकंच फिरलं. तिथूनच बालाजीरावांना फोन लावला.

“साडूभाऊ, काय करून राहिलात हे?”

“जेवून राहिलो. कामून?”

“तसं नव्हे! माझं नाव वापरून राहिलात तुम्ही!”

“तुमचं? तुमचं नाव दिगंबर. म्या कुठं दिगंबर येसर इकून राहिलो? कोण घेईल ते?”

“गयाबाई हे नाव माझ्या मालकीचं आहे! माझ्याकडं सर्टिफिकेट आहे!”

पलीकडं घास चावल्याचा आवाज आला. मग बालाजीराव शांतपणे म्हणाले, “सासूबाईला सांगितलं का तुम्ही, की त्या तुमच्या मालकीच्या हायत म्हणून?”

मला सांगा, असं बोलल्यावर माणूस गप बसेल? मी तडक वकील गाठला. अॅडव्होकेट मुजीब. माझाच जुना विद्यार्थी, भूगोलाच्या तासाला शेवटच्या बाकावर झोपायचा, पण वकील झाला हुशार. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“सर, एक विचारू? दुकान त्यांचं आधीचं का मॅडमचं?”

“आधीचं असून काय उपयोग? रजिस्टर कोणी केलं?”

“तसं नसतं ना सर. कायद्यात जो आधी वापरतो तो मोठा. मागून रजिस्टर करून आधीच्याला हाकलता नाही येत. उलट तोच उठून म्हणू शकतो, ह्यांची नोंदणीच रद्द करा.”

“पण आधी वापरलं हे दाखवायला पुरावा लागेल का नाही?”

“लागेल तर.”

“मग झालं! बालाजीराव कागद ठेवणारा माणूसच नाही. त्यांच्याकडं पावती नाही, बिल नाही, काही नाही. स्वतःच्या लग्नाची पत्रिका नसेल त्यांच्याकडं!”

मुजीबनं खांदे उडवले. “मग चान्स आहे. पण सर, घरातली गोष्ट आहे, बसून मिटवा ना.” मी ऐकतोय कुठला! नोटीस गेली. आणि दुकान निघालं मंगलआक्काच्या नावावर, म्हणून नोटीस तिच्याच नावानं गेली. हे मला माहीतच नव्हतं. सुरेखाला आक्काचा फोन आला तेव्हा कळलं. त्या दिवशी सुरेखा माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“तुम्ही माझ्या आक्काला चोर म्हणलात?”

“आक्काला नाही गं. तांत्रिकदृष्ट्या, नामचिन्हाचं उल्लंघन करणारी व्यक्ती...”

“मराठीत बोला.”

“मराठीतच आहे ते!”

ती आत गेली. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं गुणगुणणं बंद झालेलं होतं. मला ते ऐकू आलं, म्हणजे ऐकू आलं नाही हे कळलं. पण माझ्या अंगात मालकी शिरलेली. दावा दाखल केला! मागणी एकच, लातूरवाल्यांना हे नाव वापरायला ताबडतोब मनाई करा.

मुजीब म्हणाला, “सर, ते हे नाव वापरतात याचे फोटो लागतील. दुकान, पाटी, पाकिटं, सगळं.”

आणि योगायोग बघा! त्याच सुमारास आक्काच्या लेकीचं डोहाळजेवण. आम्हाला आमंत्रण! मला वाटलं होतं, आता कसलं आमंत्रण. पण आक्का सुरेखाला म्हणाली, “नोटीस त्यांनी धाडली, तू न्हाई. आन् त्यांनाबी आण, जेवायला कोणाला नको म्हणायचं नसतं.”

मी लातूरला गेलो, मोबाइल शंभर टक्के चार्ज करून. घर आणि दुकान एकाच आवारात. बायका लेकीची ओटी भरून राहिल्या होत्या, आणि मी दुकानात शिरून फोटो काढत होतो. पाटी काढली, काउंटर काढला. तेवढ्यात मागून बालाजीराव आले. मी मोबाइल खिशात घातला.

“काढा की! लाजता कशाला?”

“नाही, ते आपलं... सजावट छान आहे.”

“कोर्टासाठी काढून राहिलात ना? मंग नीट काढा. थांबा, पाकीट सरळ धरतो. नाव दिसलं पाहिजे.” असं म्हणून त्या माणसानं दोन्ही हातांत दोन पाकिटं धरली आणि हसून पोज दिली! मी काढला फोटो. काय करणार, उजेड चांगला होता.

मग पंगत. येसराची आमटी आणि बाजरीची भाकरी. मी तीनदा आमटी मागून घेतली. ज्या येसरावर मनाई मागितली होती तेच मी भुरके मारून राहिलो होतो. बालाजीराव स्वतः वाढायला. “घ्या साडूभाऊ, बंद व्हायच्या आधी घ्या पोटभर.” पंगत हसली. मीसुद्धा हसलो, आणि हात पुढं केला.

हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथं त्यांचं भाजणीचं शेड. म्हटलं, आलोच आहोत तर उत्पादनाची जागाही घेऊ पुराव्यात. फोटो काढायला मोबाइल उचलला आणि बघतो तर काय, शेडच्या एका बाजूला झड आत येऊ नये म्हणून जुना फ्लेक्स बांधलेला. आपल्याकडं जुना फ्लेक्स कधी वाया जातो का? कडब्यावर टाकतात, टाकीवर टाकतात, ट्रॅक्टरवर टाकतात. त्या फ्लेक्सवरून एक माणूस माझ्याकडं बघत होता. काळा गॉगल. कानाला मोबाइल. डोक्यावर रान!

अहो, तो मीच!

काय सांगू तुम्हाला मला कसं झालं! ते दाट रान बघून डोळे भरून आले. उन्हापावसात सगळा रंग उडालेला, पण माझा भांग जसाच्या तसा! घरीसुद्धा एवढा मोठा फोटो नव्हता माझा. मी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. मग त्या फ्लेक्सला गाल लावून सेल्फी घेतला. एक हसरा, एक गंभीर, एक दुरून, अख्खा फ्लेक्स येईल असा.

वर काय लिहिलंय ते वाचलं का? स्वतःचा फोटो असताना वर काय लिहिलंय ते कोण वाचतं हो? तुम्ही वाचता?

नांदेडला येऊन मुजीबच्या कारकुनाला सगळे फोटो पाठवले. “सगळे प्रिंट काढा, एकही सोडू नका, एकापेक्षा एक आहेत.” मुजीब त्या आठवड्यात दुसऱ्या दाव्यात अडकलेला. फाइल गेली.

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. पलीकडं बालाजीराव आणि आक्का. आक्का माझ्याकडं बघत नव्हती. सुरेखा आली होती पण बसली दोन्ही बाजूंच्या मधोमध, रिकाम्या बाकावर, एकटी. न्यायाधीश एक बाई होत्या, शांत स्वभावाच्या. मुजीबनं आमची बाजू मांडली, सर्टिफिकेट दाखवलं. मला वाटलं झालंच. मग बालाजीरावांचे वकील उठले. वयस्कर, चष्मा नाकावर. त्यांच्या हातात स्वतःचा एक कागद नव्हता. त्यांनी आमचीच फाइल उघडली.

“मॅडम, आमच्या अशिलाकडं जुने कागद नाहीत, ही गोष्ट खरी आहे. पण वादींनी आमच्यासाठी फार कष्ट घेतलेत. कृपया त्यांनीच दाखल केलेला हा फोटो पाहावा.”

न्यायाधीशबाईंनी फोटो हातात घेतला. माझ्याकडं बघितलं. परत फोटोकडं बघितलं. मला पुढं बोलावलं.

“हे तुम्हीच ना?”

“हो मॅडम, दोन्ही मीच! मागचा जरा जुना आहे.” मी डोक्यावरून हात फिरवला.

“वर काय लिहिलंय ते वाचून दाखवता?”

वर्गात वाचायची सवय, खणखणीत आवाजात सुरुवात केली. “लातूर नगरीतील अस्सल व एकमेव ‘गयाबाई येसर’ या दालनाच्या शुभारंभाप्रीत्यर्थ आमचे साडूभाऊ बालाजीराव यांना हार्दिक हार्दिक शुभेच्छा. गयाबाई म्हणजे बालाजीराव, बालाजीराव म्हणजे...”

इथं माझा आवाज बसू लागला.

“पुढं वाचा.”

“...म्हणजे गयाबाई.”

“तारीख?”

तारीख वाचली. सुरेखानं पहिलं पाकीट भरलं त्याच्या कितीतरी आधीची!

“आणि शुभेच्छुक कोण?”

मी इतक्या हळू बोललो की मलाच ऐकू आलं नाही.

“या दुकानाला अस्सल आणि एकमेव तुम्हीच म्हणालात?”

“मॅडम, फ्लेक्सवर तसं लिहायची पद्धत असते.”

“अच्छा. आणि आता ते चोरी करतात म्हणता, तीही पद्धतच का?”

मागं कोणीतरी हसलं. बघतो तर आक्का. तोंडाला पदर लावून हसत होती. मुजीब फाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता, त्याचे खांदे हलत होते. माझा वकील, आणि तोही!

मनाई मिळाली नाही. उलट त्यांच्या वकिलानं मुंबईला उच्च न्यायालयात अर्ज टाकला की ही नोंदणीच बेकायदा आहे, रद्द करा. तोवर इथला दावा थांबला. आणि काही महिन्यांनी निकाल आला. मुजीबनं मला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. तेव्हाच मी समजलो.

“सर, नोंदणी रद्द झाली.”

“कधीपासून? आजपासून?”

“आजपासून नाही सर. ती कधी नव्हतीच असं धरायचं.”

“अरे, मग भिंतीवर टांगलीय ती काय आहे?”

“फ्रेम आहे सर.”

“आणि आपला दावा?”

“ज्या नोंदणीवर उभा होता तीच गेली. दावा आपोआप पडला.”

“बरं, मग ती पाकिटं तरी संपवू दे. छापलेली किती पडून आहेत, गोलातल्या आरसकट.”

मुजीब एकदम सावरून बसला. “सर! एकही बाहेर जाऊ देऊ नका. नोंदणी नसताना आहे म्हणून छापलं तर तो गुन्हा आहे. त्यात शिक्षा आहे, सर.”

मला एकदम मडगार्ड आठवलं. स्कूटर त्याच्या ऑफिसखालीच उभी होती, भर रस्त्यात!

“आणि सर, मोठी गोष्ट पुढं आहे. आधी वापरणारे ते ठरले. आता ते आपल्यावर दावा लावू शकतात, की नांदेडात ही माणसं आमच्या नावावर स्वतःचा माल खपवतात.”

“म्हणजे नकली...”

“जी सर. नकली आपण.”

घरी आलो. सुरेखाला सांगितलं. मला वाटलं ती भांडेल, आणि भांडली असती तर मी सुटलो असतो. तिनं कढई उतरवली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि भाजायला आलेल्या बायकांना म्हणाली, “उद्यापासून येऊ नका गं. कळवते मी.” त्या एकमेकींकडं बघत चपला शोधू लागल्या.

त्या गेल्यावर मला म्हणाली, “मला नाव रजिस्टर नको होतं. पाकिटावर आई पाहिजे होती, बास.”

खरं सांगतो, कोर्टात सगळे हसले तेव्हा जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी तेव्हा वाटली. तिच्या हातानं उभं केलेलं काम, त्यात माझा काडीचा हात नव्हता, आणि मोडलं कोणी तर मी! मी स्टाफरूममध्ये बसून मार्करनं एकेका पाकिटावरचा तो गोल काळा करत बसायचो. वाणिज्यचे सर तास नसले तरी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.

शेवटी सासूबाईंचा निरोप आला. दोन्ही लेकी, दोन्ही जावई, सगळ्यांनी गावाकडं या. गेलो. सासूबाई ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवलं नाही. आम्ही दोघं जावई समोर उभे, बसा म्हणायलाही तयार नाहीत.

“मी मेले का?”

“नाही मामी,” आम्ही दोघं एका सुरात.

“मंग माझं नाव इकायला काढलं, मला कोणी इचारलं?” त्यांनी आधी बालाजीरावांकडं बघितलं. “तू इचारलं का रं?” बालाजीराव मातीकडं बघू लागले. मला मनातून जरा बरं वाटलं. तेवढ्यात सूप माझ्याकडं वळलं. “आन् हे पावनं तर माझे मालकच झाले! ह्यांच्या सासऱ्यांनी कधी मालकी गाजवली न्हाई माझ्यावर, जावई गाजवून राहिले!”

मी म्हटलं, “मामी, चुकलं.”

“चुकलंच. आता ऐका. येसर माझं, नाव माझं. लेकी दोघी माझ्या. लिवायचं तर दोघींच्या नावावर लिवा, मी अंगठा देते. लातुरात थोरलीनं इकावं, हिकडं धाकलीनं. जावयांनी नावाला हात लावायचा न्हाई.”

“आणि मामी, आम्ही काय करायचं?” बालाजीरावांनी विचारलं.

“तू गल्ल्यावर बस, तेवढं जमतं तुला. ह्यांनी,” माझ्याकडं सूप, “पाकिटं पोचवायची. तोंड न उघडता.”

सुरेखा आणि आक्का आत गेल्या होत्या. आतून भांड्यांचा आवाज आला आणि मग दोघींचं हसणं. मी तिथंच ओसरीच्या पायरीवर टेकलो. बालाजीराव शेजारी बसले आणि तंबाखू मळत म्हणाले, “साडूभाऊ, त्या फ्लेक्सला काढणार न्हाई बरं का म्या. लई कामाला आला.”

मुजीबनं रीतसर कागद केले. सासूबाईंची संमती, दोघी बहिणींची नावं, सगळं. बैठकीतली ती फ्रेम सुरेखानं रिकामी केली आणि तिच्यात आईचा फोटो लावला. आता मी रेणुकामातेला आणि सासूबाईंना एकत्र हात जोडतो. चूल परत पेटली. बायका आल्या. गुणगुणणंही आलं, थोडं थोडं.

आणि मी? सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर खोके बांधून पाकिटं पोचवतो. मडगार्ड नवीन आहे.

मागच्याच रविवारची गोष्ट. मुदखेडला स्टेशनच्या रस्त्यावरच्या किराणा दुकानात गेलो. ऊन मरणाचं, म्हणून डोक्याला टोपी, डोळ्यांवर गॉगल. काउंटरवर खोका ठेवला, तेवढ्यात सुरेखाचा फोन. सवयीनं मोबाइल कानाला लावला, मान जरा वर करून. बोलून होईपर्यंत दुकानदार माझ्याकडं टक लावून बघत होता.

“पाव्हणं, ह्ये खरं गयाबाईचंच हाय ना? का त्या नांदेडवाल्याचं नकली?”

“कोण नांदेडवाला?”

“तुम्हाला न्हाई ठावं? आवं, ह्या समोरच्याच खांबावर त्याचा फोटो लावला होता, सावधान म्हणून. लई दिवस होता. काळा गॉगल, कानाला मोबाइल. सासूचं नाव चोरून माल इकायचा म्हणं. कोर्टानं पकडला.” आणि तो काउंटरवरून पुढं वाकला. “आता तुमच्याकडं बघून वाटून राहिलं...”

सुरेखाचं गिऱ्हाईक, खोका काउंटरवर, आणि मी पुन्हा तिचं वाटोळं करायला उभा! एकच उपाय होता. मी टोपी काढली. डोकं खाली करून त्याला नीट दाखवलं, चारी बाजूंनी.

त्यानं बघितलं आणि सुस्कारा सोडला. “न्हाई न्हाई, तुम्ही न्हाई. त्याला लई दाट रान होतं डोक्यावर. माफ करा पाव्हणं, आजकाल इश्वास कोणावर ठेवावा?”

“बरोबर आहे तुमचं,” मी टोपी घालत म्हणालो. “लई बेकार माणूस तो. दिसला तर सोडू नका!”